लाईट गेली की काय? कंदिलापासून इन्व्हर्टरपर्यंत

लाईट गावात कधी आली, हे आपल्या सासवा-आज्या सांगतात. आज आपण उलटा इतिहास पाहू. लाईट गेली की आपल्या घरात काय काय आलं आणि त्याचा भार कुणी उचलला, ते पाहू.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 साली स्थापन झालं आणि हळूहळू खेड्यापाड्यांत खांब उभे राहिले. तरी कंदील आणि चिमणी घरातून गेली नाही. रेशनचं रॉकेल आणायला रांगेत आपणच उभ्या राहायचो, काच राखेने आपणच पुसायचो. दळणाला मात्र विजेची वाट पाहावी लागत नसे, कारण कित्येक गावांत गिरणी डिझेल इंजिनवर चालायची. ही इंजिनं बनवणारी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 साली आपल्याच पुणे जिल्ह्यात सुरू झाली. लग्नात, जत्रेत धडधडणारा जनरेटर म्हणजे तेच इंजिन, त्याला वीज तयार करणारं यंत्र जोडलेलं.

आपल्या भिगवण भागाची गोष्ट थोडी वेगळी. भीमेवर उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. पाणी मागे पसरलं, गावं आणि शिवारं बुडाली, माणसं वर सरकली. त्या धरणाच्या पायथ्याशी 12 मेगावॅटचं वीजकेंद्र आहे. तरीही भारनियमनाच्या वर्षांत पाण्याच्या काठावरची आपली घरं अंधारातच होती.

हे भारनियमन आलं कुठून? राज्यात विजेची मागणी वाढत गेली, पण नवी वीजकेंद्रं तेवढ्या वेगाने उभी राहिली नाहीत. दाभोळचा प्रकल्प 1999 मध्ये सुरू झाला आणि दराच्या भांडणात 2001 मध्ये बंद पडला. 2005 साली मंडळाचे भाग पडून महावितरण आली. त्याच सुमारास खेड्यांत दिवसाचे कित्येक तास लाईट जाऊ लागली. बारावीच्या मुली मेणबत्तीवर अभ्यास करत होत्या. पाण्याची मोटर चालेना म्हणून हंडे पुन्हा डोक्यावर आले.

त्या वेळी पुणे शहराने एक वाट काढली. 2006 मध्ये तिथल्या कारखानदारांनी गर्दीच्या तासांत आपापले जनरेटर चालवायचे ठरवले. त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळाली आणि डिझेलचा जादा खर्च शहरातल्या जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांच्या बिलात आला. शहराचं भारनियमन टळलं. खेड्याकडे ना एवढे कारखाने, ना एवढे पैसे.

खेड्यांसाठी महावितरणने अक्षय प्रकाश योजना आणली. संध्याकाळी गावाने शेतीपंप बंद ठेवायचे, तारेवर आकडे टाकायचे नाहीत, त्या बदल्यात घरांना लाईट मिळायची. मग गावठाणाची लाईन शेतीच्या लाईनपासून वेगळी करण्याचं काम झालं. म्हणून आज शेतीची थ्री-फेज ठरावीक तासच असते, पण घरातला दिवा बहुतेक वेळ चालतो. एकट्याच्या यंत्राने झालं नसतं, ते गावाच्या शब्दाने झालं, हे आपण विसरू नये.

ज्यांना परवडलं, त्यांनी इन्व्हर्टर घेतला. त्यातली शिशाची बॅटरी 1859 साली फ्रान्समधल्या गास्तों प्लाँते यांनी शोधली. लाईट असताना बॅटरी भरते. लाईट गेली की इन्व्हर्टर त्या साठवलेल्या विजेवर पंखा आणि दिवे चालवतो. पण घेताना घरात विचारणा होते ती टीव्हीची. स्वयंपाकघरातल्या दिव्याचं कनेक्शन इन्व्हर्टरवर घ्यायचं राहूनच जातं. म्हणून हिशोब आपल्याला यायला हवा.

12 व्होल्टची 150 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 1800 वॅट-तास. ती तळापर्यंत उतरवली की लवकर खराब होते, म्हणून निम्मीच धरा: 900. एक पंखा 75 वॅट आणि 9 वॅटचे तीन एलईडी दिवे मिळून साधारण 100 वॅट. थोडी वीज इन्व्हर्टरमध्येच खर्च होते, तेव्हा आठ तास निघतात. एक हॉर्सपॉवरची गिरणी मात्र 746 वॅट खाते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते. घरगुती इन्व्हर्टरवर ती लावू नये.

आता जिवाची गोष्ट. जनरेटर घरात, ओसरीवर किंवा बंद गोठ्यात कधीच चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसू नका. ती वीज उलटी तारेवर जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो. त्यासाठी चेंजओव्हर स्विच वायरमनकडूनच बसवून घ्या. बॅटरी भरताना पेट घेणारा वायू सुटतो, म्हणून ती चुलीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब, हवेशीर जागी ठेवा. तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला, आडाचं किंवा नळाचं पाणी नको.

2024 पासून पीएम सूर्यघर योजनेत छपरावरच्या सोलरला अनुदान मिळतं, तीन किलोवॅटला 78,000 रुपये. बिल कमी होतं, हे खरं. पण नुसतं मीटरला जोडलेलं सोलर लाईट गेली की आपोआप बंद पडतं, कारण तिथेही वायरमनचा जीव सांभाळायचा असतो. लाईट गेल्यावरही दिवा हवा असेल, तर बॅटरी आणि तसा इन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागतो. सही करण्याआधी विक्रेत्याला हे स्पष्ट विचारा.

मैत्रिणींनो, गटातून कर्ज काढायच्या आधी पुढच्या बैठकीत प्रत्येकीने वहीत तीन ओळी लिहाव्यात: लाईट गेल्यावर माझं कोणतं काम अडतं, ते किती तास अडतं आणि त्याला किती वॅट लागतात. ज्या घरी शिलाई मशीनची मोटर आहे, जिथे दहावीची मुलगी आहे, जिथे बाळंतीण आहे, त्यांची गरज सारखी नसते. यादी आधी लिहू, दुकानात मग जाऊ. आणि त्या यादीत स्वयंपाकघरातला दिवा पहिला लिहू.