चेलो, पियानो आणि कोवळे हात

चेलो-पियानोच्या मैफलीत आज दोन्ही वादकांची नावे कार्यक्रमपत्रिकेवर बरोबरीने छापली जातात. ही बरोबरी मिळायला चेलोला जवळजवळ अडीचशे वर्षे लागली, आणि ती मिळवून देणाऱ्यांत, पुढे टिकवणाऱ्यांतही, विशी-पंचविशीतल्या आणि त्याहून लहान कलावंतांचा वाटा फार मोठा आहे. आपण सुरुवात सोळाव्या शतकातल्या क्रेमोनापासून करू. उत्तर इटलीतल्या या नगरीत आंद्रेआ आमातीने फ्रान्सच्या दरबारासाठी एक चेलो घडवला. पुढे त्यावर नवव्या चार्ल्सची राजचिन्हे सोनेरी वर्खात रंगवली गेली. तो आज अमेरिकेतल्या साउथ डकोटामधल्या संग्रहालयात आहे, पण मूळ मापात नाही. नंतरच्या कारागिरांनी तो कापून लहान केला. जुने चेलो अवजडच असत, कारण खर्ज उमटवायचा तर आतड्याची तार लांब आणि जाड हवी, आणि तशा तारेला सांगाडाही मोठा हवा. १६६०च्या दशकाच्या सुमारास बोलोन्यात या तारेवर धातूची बारीक तार गुंडाळण्याची युक्ती निघाली. तार जाड न होताच वजनदार झाली, वाद्य आटोपशीर झाले, बोटे झपाझप फिरू लागली. त्याच बोलोन्यात १६८९मध्ये दोमेनिको गाब्रिएलीने एकट्या चेलोसाठी रचना लिहिल्या. तरीही पुढची शंभर वर्षे चेलोचे मुख्य काम हार्पसिकॉर्डवादकाच्या डाव्या हाताचे स्वर गिरवण्याचेच राहिले. बाखचे सहा सूट हा सन्माननीय अपवाद. पण एरवी गायकामागे बसणाऱ्या सारंगियाला मिळते तेवढी मोकळीकही चेलोवादकाला क्वचितच मिळे.

दरम्यान फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने हातोडीने तार वाजवणारे वाद्य बनवले होते. दरबारी वाद्यांच्या १७००च्या यादीत त्याची नोंद आहे. बोटाच्या दाबानुसार लहानमोठा होणारा हा आवाज घराघरांत पोचायला अर्धे शतक तरी गेले. मग मात्र पियानो इतका शिरजोर झाला की चेलो पुन्हा मागेच पडला.

आणि आपण १७९६च्या बर्लिनमध्ये येतो. मला हे सारे वळण सर्वांत मोलाचे वाटते. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक विल्यम स्वतः चेलो वाजवत असे आणि ड्युपोर्ट बंधूंसारखे अव्वल वादक त्याच्या पदरी होते. २५ वर्षांचा बेथोव्हन तिथे पोचला आणि त्याने चेलो-पियानोसाठी दोन सोनाटा लिहिले. ड्युपोर्टांपैकी एकाबरोबर, बहुधा धाकट्या झाँ-लुईबरोबर, त्याने ते राजापुढे वाजवले आणि मोहरांनी भरलेली सोन्याची डबी बिदागी म्हणून मिळवली. इथे दोन्ही वाद्यांचे स्वर पूर्णपणे लिहून काढलेले होते. तरी पियानोचा वरचष्मा होताच. तो सरला १८०८च्या ए मेजर सोनाटात: सुरुवातीला पियानो गप्प असतो, चेलो एकटाच खालच्या स्वरांत संथपणे बोलतो, आणि मग पियानो त्याला उत्तर देतो. बरोबरी म्हणजे काय, हे ऐकायचे असेल तर ते एवढ्या काही क्षणांत ऐकावे.

पुढे वाद्य नव्या हातांत गेले. लीझ क्रिस्तियानी १८४५मध्ये पॅरिसच्या मंचावर आली तेव्हा ती १७ वर्षांची होती. पायांत वाद्य धरून बसणे बाईमाणसाला अशोभनीय मानले जाण्याचे ते दिवस. मेंडेल्सोनने आपले 'शब्दांविना गीत' तिला अर्पण केले. ती आपला स्ट्रॅडिव्हरी चेलो घेऊन सैबेरियापर्यंत गेली आणि १८५३मध्ये कॉलऱ्याने वारली. विस्मरणात ढकलण्याजोगे हे नाव नव्हे. लंडनचा विग्मोर हॉल १९०१मध्ये बेखश्टाइन या पियानो बनवणाऱ्या कंपनीने उभारला; १ मार्च १९६१ला तिथेच १६ वर्षांच्या जॅकलीन द्यू प्रेने पहिली मोठी मैफल गाजवली. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये सात वर्षांचा यो-यो मा राष्ट्राध्यक्ष केनेडींसमोर वाजवत होता, आणि पियानोवर त्याची थोरली बहीण होती.

भावाबहिणींची ही जोडी आज नॉटिंगहॅमच्या शेकू आणि इसाटा कान्ने-मेसन यांच्या रूपाने आपल्यासमोर आहे. २०१६मध्ये १७व्या वर्षी बीबीसीची तरुण वादकांची स्पर्धा जिंकणाऱ्या शेकूने २०२१मध्ये बहिणीबरोबर सॅम्युअल बार्बरचा चेलो सोनाटा ध्वनिमुद्रित केला. बार्बरने तो १९३२मध्ये लिहिला, तेव्हा तो २२ वर्षांचा होता आणि फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत अजून विद्यार्थीच होता.