पाटीवरची वेलांटी

गोव्यात देवळाच्या जत्रेला गावकऱ्यांनी बसवलेले मराठी नाटक असतेच. पुढे त्याचे चित्रीकरण करून सीडी, मग डीव्हीडी काढायची पद्धत पडली. माझ्याकडे अशीच २००६ सालची एक डीव्हीडी आहे. नाटक फर्मास. पण सुरुवातीच्या नामावलीत 'म्हार्दोळ'चे जोडाक्षर पाय मोडून पडले आहे, आणि 'डिचोली'ची वेलांटी 'ड'च्या डावीकडे असायची ती उजवीकडे, 'च'ला जाऊन चिकटली आहे. त्यात काम केलेले एक काका म्हणाले, "जन्मात एकदा नाव पडद्यावर आले, तेही मोडून." टाइप करणाऱ्याची चूक, असे आम्ही धरून चाललो. पण त्याने बिचाऱ्याने बरोबरच टाइप केले होते. अक्षरे मोडली ती एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाताना.

चित्रपटात अक्षर हे पहिल्यापासून पाहुणे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. मूकपट तो, म्हणून कथा सांगायला पाट्या. पाटी रंगवायची, कॅमेऱ्यासमोर ठेवून तिची फिल्म काढायची आणि दृश्यांच्या मधे जोडायची. पाटी आली की चित्र गेले. चालत्या चित्रावरच अक्षरे उमटवायला ऑप्टिकल प्रिंटर लागला. त्यात एका बाजूला प्रोजेक्टर, समोर कॅमेरा. आधी चित्र उतरवून घ्यायचे, मग तीच फिल्म मागे नेऊन तिच्यावर पांढरी अक्षरे. अक्षरे रंगीत हवी असतील तर त्यांच्या आकाराचा काळा मुखवटा घालून तेवढी जागा आधी कोरी राखायची. हॉलिवूडच्या लिनवुड डन यांनी १९४० च्या दशकात या यंत्राला चांगले रूप दिले. मात्र प्रत्येक उतरवणीत चित्र थोडे खरखरीत होई. जुन्या सिनेमात नामावली संपली की चित्र एकदम स्वच्छ झाल्यासारखे वाटते, ते त्यामुळेच.

मुखवट्याची ही युक्ती पुढे संगणकात गेली. १९७७ च्या सुमारास न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमल आणि अ‍ॅल्वी रे स्मिथ यांनी लाल, हिरवा, निळा या तीन थरांच्या जोडीला चौथा थर ठेवला, अल्फा. कोणता ठिपका किती पारदर्शक, एवढेच त्यात लिहिलेले. त्याचे गणित १९८४ मध्ये पोर्टर आणि डफ यांनी नीट मांडून दिले. त्यात एक बारीक मेख आहे. रंग आधीच पारदर्शकतेने गुणून ठेवायचे की नंतर गुणायचे, याच्या दोन रीती आहेत. पाठवणाऱ्या प्रोग्रामने एक धरली आणि घेणाऱ्याने दुसरी, की अक्षरांच्या कडेला काळपट किनार येते. लग्नाच्या कॅसेटींत आणि डीव्हीडीत ती पुष्कळांनी पाहिली असेल.

इकडे एडिटिंगची वाट वेगळीच चालली होती. १९७१ मध्ये सीबीएस आणि मेमोरेक्स यांच्या भागीदारीतून सीएमएक्स ६०० हे संगणकावरचे एडिटिंग यंत्र आले. सीएमएक्सच्याच नंतरच्या यंत्रांमुळे ईडीएल ही यादी रूढ झाली. साधी मजकुराची फाइल: टेप कोणती, कितव्या फ्रेमपासून कितव्यापर्यंत, आणि ते तयार फितीत कुठे बसायचे. (आपली पाल पद्धत सेकंदाला २५ फ्रेमची, हिशेब सरळ. अमेरिकेत २९.९७, तिथे घड्याळ जुळवता जुळवता नाकीनऊ.) ही यादी कोणत्याही यंत्राला वाचता येई. पण तिच्यात अक्षरांना जागा नव्हती. 'इथे वरून काहीतरी बसवायचे आहे' इतपत खूण असे. काय बसवायचे, कोणत्या फॉन्टात, काही नाही. कापाकापी यंत्रापलीकडे जाई, नावे मागे राहत.

घरगुती संगणकावर एडिटिंग आल्यावर हा घोळ वाढला. रँडी युबिलोस यांनी अडोबी प्रीमियर लिहिले, ते १९९१ मध्ये आले. पुढे मॅक्रोमीडियात जाऊन त्यांच्याच गटाने जो प्रोग्राम रचला, तो अ‍ॅपलने विकत घेतला आणि १९९९ मध्ये फायनल कट प्रो म्हणून काढला. एकाच माणसाच्या हातची दोन लेकरे, पण एकाचे प्रोजेक्ट दुसऱ्यात सरळ उघडत नसे. नंतर एक्सएमएलचा पूल झाला. त्यावरून कट सुखरूप जात, टायटल मात्र फॉन्ट हरवून किंवा जागा सोडून पोचत.

आता देवनागरी. वेलांटी टाइप करायची अक्षरानंतर, दिसायची अक्षराआधी. जोडाक्षर लिहायचे सुटे, दिसायचे जोडून. ही मांडणी करणारा भाग त्या वेळच्या बहुतेक व्हिडिओ प्रोग्रामांत नव्हताच. अडोबीच्या इनडिझाइनलासुद्धा भारतीय लिप्या नीट जमल्या त्या २०१२ मध्ये. म्हणून आपल्याकडचे जाणते एडिटर टायटल दुसरीकडे करत. श्रीलिपीसारख्या पद्धतीच्या फॉन्टात मजकूर, फोटोशॉपमध्ये त्याचे चित्र, अल्फासकट, आणि ते चित्र टाइमलाइनवर. अक्षर प्रवासात टिकायचे तर त्याने अक्षर असणे सोडायचे! मग एका ऱ्हस्व-दीर्घासाठी पुन्हा फोटोशॉप उघडा.

एवढे करूनही दोन संकटे उरत. पाल फ्रेमचे ठिपके चौकोनी नसत. फोटोशॉपमध्ये ७६८ बाय ५७६ वर लिहून ती पाटी ७२० बाय ५७६ मध्ये आणायची, आणि प्रोग्रामला ते न सांगितल्यास अक्षरे बेढब. दुसरे आपल्या शिरोरेषेचे. जुना टीव्ही एक आड एक ओळी दाखवी. एकाच ओळीएवढी बारीक शिरोरेषा असली की ती दर दुसऱ्या फेरीला नाहीशी होई आणि सगळे नाव थरथरे. रोमन लिपीवाल्यांना हा त्रास कमी, त्यांची अक्षरे एका सलग दांड्याला लोंबकळत नाहीत. आपल्या लोकांनी त्यावर शिरोरेषा जाड करून किंवा अक्षरे किंचित धूसर करून तोड काढली. त्या काळच्या मराठी टायटलांचा तो ठसठशीतपणा मी बरीच वर्षे आवडीनिवडीचा भाग समजत होतो.

जून २०११ मध्ये फायनल कट प्रो एक्स आले आणि त्यात आदल्या आवृत्तीची प्रोजेक्टच उघडेनात. ओरड झाली. सप्टेंबरमध्ये नव्या धर्तीचे एक्सएमएल आले, जुने प्रोजेक्ट बदलून देणारी साधने दुसऱ्यांनी केली. आज देवनागरी थेट टाइप होते, वेलांटी जागेवर बसते.

काकांच्या नाटकाचे प्रोजेक्ट मिळते का पाहिले. स्टुडिओ बंद झालेला, हार्ड डिस्क गेलेली, मूळ कॅसेटी पुन्हा वापरल्या गेलेल्या. उरली फक्त डीव्हीडी, तीत अक्षरे चित्रात मुरलेली. शेवटी नामावलीचे दोन मिनिटांचे चित्रच काढून टाकले आणि काळ्या पाटीवर नावे नव्याने लिहिली, फाळक्यांच्या पद्धतीने. प्रत काकांना दिली. त्यांनी पहिली पाटी तीनदा मागे नेऊन पाहिली आणि विचारले, "तबलजीचे नाव कुठे?" ते मुळातही नव्हते.