‘सरअ’पासून मिरगीपर्यंत

जालन्याच्या मोहल्ल्यात कुणाला झटका आला की तीन शब्द हमखास कानी पडतात: फेफरे, मिरगी आणि आसेब. पहिली दोन नावे रोगाची. तिसरे आपल्या भीतीचे. मग कुणी चप्पल हुंगवतो, कुणी कांदा फोडतो, कुणी दर्ग्याची वाट धरतो. याला आपण ‘पूर्वापारचे’ म्हणतो. पण पूर्वजांनी खरोखर काय लिहिले होते?

अरबी वैद्यकात या विकाराचे नाव ‘सरअ’. इ.स. 1025च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘अल-कानून फित्-तिब’च्या तिसऱ्या खंडात इब्न सीनाने डोक्यापासून पायापर्यंतचे आजार मांडले आणि सरअला मेंदूच्या विकारांत जागा दिली. त्याआधी कित्येक शतके ग्रीक वैद्यांनीही हा दैवी कोप नव्हे, असे लिहून ठेवले होते. इब्न सीनाची दोषांची उपपत्ती आज टिकत नाही. पण रोगाचे घर त्याने अचूक ओळखले. याच परंपरेतला ‘लकवा’ हा शब्द तर मराठीने आपलाच करून टाकला.

जालना सप्टेंबर 1948पर्यंत निजामाच्या संस्थानात होते. तिथे युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. म्हणजे हे ज्ञान आपल्या दारापर्यंत आलेले होते.

जगात पुढे 1912 साली फेनोबार्बिटल आणि 1938 साली फेनिटॉइन ही औषधे मिरगीवर वापरात आली. 1929 साली हान्स बर्गर यांनी मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख प्रसिद्ध केला. झटका म्हणजे मेंदूच्या पेशींतील विजेचा अचानक उडालेला गोंधळ, हे पडताळून पाहता येऊ लागले. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर वाडिया यांनी मज्जाविकारशास्त्राचा पाया घातला. औरंगाबादेत 1956 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. जालन्यात ते यायला 2024 उजाडले.

कायदाही उशिराच बदलला. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांतील मिरगीची अट 1999 साली निघाली. मनातली अट मात्र निघालेली नाही. मुलीला झटके येतात हे आपण लपवतो आणि लग्नानंतर गुपित फुटू नये म्हणून तिची गोळी बंद करतो. नियमित औषधाने दहापैकी सुमारे सात रुग्णांचे झटके थांबू शकतात. गोळी अचानक तुटली तर जिवावर बेतते.

दुआ जरूर करावी. पण रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही कोंबू नये, झटका पाच मिनिटांवर गेला तर दवाखाना गाठावा. हजार वर्षांपूर्वी आपल्याच हकिमाने मेंदूकडे बोट दाखवले होते. आपण अजून चपलेकडेच पाहत आहोत.