खरखर सोसणारा रेडिओ

गेल्या पावसाळ्यात कराडहून चिपळूणला परतताना कुंभार्ली घाटात आमच्या गाडीतला म्युझिक सेट बिघडला. बंद पडला म्हणावं, तर तसंही नाही. पडदा काळा व्हायचा, मग कंपनीचं बोधचिन्ह उगवायचं, क्षणभर सगळं सुरळीत वाटायचं आणि पुन्हा काळोख. पंधरा-वीस वेळा तरी असं झालं. शेजारी बसलेली बायको म्हणाली, ‘गाणं राहू द्या, निदान रेडिओ लावा.’ पण रेडिओच्या बटणापर्यंत बोट पोचण्याआधीच सेट पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होता.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. आमच्या गल्लीत गाडी उलटी घ्यावी लागते. मागचं दृश्य दाखवणारा कॅमेरा त्याच पडद्यावर दिसतो. गाडी मागे सरकत असताना पडदा काळा झाला आणि मी घाईनं ब्रेक दाबला. मागे कोणी नव्हतं. तरी उतरून पाहिल्याशिवाय मला राहवलं नाही. करमणुकीचं यंत्र म्हणून ज्याच्याकडे मी पाहत होतो, त्याच्या भरवशावर आपण गाडी मागे घेत होतो, हे तेव्हा ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी वायरिंगचं काम करणाऱ्या एका तरुणाकडे गेलो. त्यानं पाना-पकड काहीच हातात घेतलं नाही. आधी विचारलं, ‘चाचा, केव्हा बंद पडतो?’ मी म्हटलं, सारखाच. तो म्हणाला, ‘तसं नाही. खड्ड्यात बंद पडत असेल तर कुठंतरी वायर ढिली आहे. इंजिन चालू करताना किंवा हेडलाइट लावल्यावर पडत असेल तर बॅटरी, तिची टर्मिनलं, नाहीतर बॉडी अर्थ बघायचा. आणि उभ्या गाडीतही एकाच जागी अडकत असेल, तर दोष तारांत नाही, त्याला जे खायला घातलंय त्यात आहे.’ एवढं बोलून त्यानं माझा पेनड्राइव्ह उपसून काढला. सेट सुरू झाला आणि सुरूच राहिला.

त्या पेनड्राइव्हवर काय होतं ते शेवटी सांगतो. पण त्या मुलाच्या एका प्रश्नामुळे मी गाडीतल्या रेडिओच्या इतिहासात शिरलो. तो इतिहास खरखरीपासून सुरू होतो.

शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यांच्या कारखान्यानं १९३० मध्ये मोटारीत बसवायचा रेडिओ तयार केला आणि त्याला ‘मोटोरोला’ असं नाव दिलं. पुढे १९४७ मध्ये कंपनीनंही तेच नाव घेतलं. अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांचं संमेलन होतं. गॅल्व्हिन यांना आत मांडायला गाळा नव्हता. त्यांनी आपली स्टुडबेकर गाडी बाहेर उभी केली आणि रेडिओचा आवाज मोठा करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवला.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. मोटारीचं इंजिन चालतं स्पार्क प्लगच्या ठिणग्यांवर आणि प्रत्येक ठिणगी रेडिओच्या कानात कडकड करते. म्हणजे रेडिओचा सगळ्यात मोठा शत्रू त्याच्याच घरात, बॉनेटखाली बसलेला. शिवाय गाडीची बॅटरी त्या वेळी सहा व्होल्टची, तर रेडिओतल्या व्हॉल्व्हना त्याच्या कितीतरी पट दाब लागे. म्हणून सुरुवातीला वेगळ्या बॅटऱ्या बसवाव्या लागत. ठिणग्यांचा त्रास कमी करायला प्लगच्या तारांत रोध घालावे लागत. तरी थोडी खरखर उरेच. लोक ती सोसत आणि बातम्या ऐकत. पुढे १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को या कंपन्यांनी पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ आणला. व्हॉल्व्ह गेले, उंच दाबाची गरज गेली. खरखर मात्र पुरती गेली नाही.

या जुन्या रेडिओचा एक गुण तेव्हा कोणाला गुण वाटला नसेल. न कळणारं काही कानावर आलं, तर तो नुसता खरखरायचा. डोंगराआड गेला की कुजबुजायचा, वळण संपलं की पुन्हा बोलू लागायचा. वाईट आवाजामुळे तो स्वतः कोसळत नसे.

मग रेडिओचा संगणक झाला. अमेरिकेतल्या ब्यूक कंपनीच्या रिव्हिएरा या मोटारीत १९८६ मध्येच बोटानं चालवायचा पडदा आला होता. पुढच्या काळात नकाशा, फोन, कॅमेरा, वातानुकूलन, सगळं एकेक करून त्या पडद्यामागे राहायला गेलं. संगणक आवाज नुसता ऐकवत नाही, आलेली प्रत्येक गोष्ट वाचून तिचा अर्थ लावू पाहतो. अर्थ लागला नाही आणि अशा वेळी काय करायचं हे कोणी शिकवून ठेवलेलं नसलं, की तो जागीच थिजतो. त्यासाठी आत एक पहारेकरी नेमलेला असतो. ठरावीक वेळानं ‘मी जागा आहे’ अशी खूण मिळाली नाही, तर तो सगळं बंद करून पुन्हा सुरू करतो. योजना चांगली आहे. पण सेट जागा झाल्यावर जिथं थांबला होता तिथूनच पुढे जाऊ लागतो, तीच न कळणारी गोष्ट पुन्हा समोर येते आणि हे चक्र थांबत नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण रेडिओनंच घडवलं. २०२२ च्या जानेवारीअखेर अमेरिकेतल्या सिएटल भागात मॅझ्दा कंपनीच्या काही मोटारींचे सेट एकाएकी बिघडले. पडदा सारखा विझून पुन्हा सुरू होई, ब्लूटूथ चालेना, मागचा कॅमेरा दिसेना. रेडिओ ९४.९ या एकाच स्टेशनावर अडकून बसलेला. ते केयूओडब्ल्यू नावाचं तिथलं सार्वजनिक रेडिओ केंद्र. काही विक्रेत्यांनी गाडीमालकांना सांगितलं, थ्रीजी सेवा बंद होतेय, त्याचा हा परिणाम.

खरं कारण पुढे कंपनीनंच सांगितलं. तिथं आवाजासोबत छोटी चित्रंही प्रक्षेपित होतात, म्हणजे केंद्राचं बोधचिन्ह वगैरे. अशा फाइलच्या नावाला शेपूट असतं, ‘जेपीईजी’ किंवा ‘जीआयएफ’; त्यावरून हे चित्र आहे हे यंत्राला कळतं. २४ ते ३१ जानेवारी या आठवड्यात एका केंद्राकडून शेपूट नसलेल्या चित्रफाइली गेल्या. २०१४ ते २०१७ च्या, जुनी संगणकप्रणाली असलेल्या मॅझ्दा गाड्यांना त्या उमगल्या नाहीत. एवढंच घडलं होतं. त्यासाठी मुख्य भागच बदलावा लागला. त्याची किंमत सुमारे दीड हजार डॉलर, आणि त्या दिवसांत सुट्या भागांची टंचाई. अखेर कंपनीनं तो फुकट बदलून देण्याचं मान्य केलं. त्याच वेळी इतर गाड्यांतले रेडिओ तेच केंद्र खुशाल ऐकवत होते.

याच कंपनीच्या सेटची आणखी एक गोष्ट २०१९ मध्ये चर्चेत आली होती. ‘नाइन्टी नाइन पर्सेंट इन्व्हिजिबल’ नावाची एक ध्वनिमालिका लावली की एका श्रोत्याच्या गाडीतला सेट कोसळून पुन्हा सुरू व्हायचा. बाकी सगळे कार्यक्रम ठीक. शोध घेतल्यावर संशय आला तो नावातल्या टक्क्याच्या चिन्हावर. संगणकाच्या काही भाषांत त्या चिन्हाचा अर्थ ‘इथं पुढे काहीतरी भरायचं आहे’ असा होतो. सेटनं नाव हे नाव म्हणून वाचलंच नाही, हुकूम म्हणून वाचलं.

हे वाचताना मला हसू आलं, कारण ही गोष्ट माझ्या ओळखीची होती. मी जन्मभर मराठीत कविता लिहिली. एका कार्यालयात फॉर्म भरताना कारकून माझ्याशी छान गप्पा मारत होता. नाव सांगितलं, त्यानं लिहिलं. मातृभाषा विचारली. ‘मराठी’ म्हटलं, तर त्याचा पेन थांबला. माझ्याकडे पाहून त्यानं पुन्हा विचारलं, ‘मातृभाषा?’ मी पुन्हा मराठीच म्हटलं. माणूस भला होता. तिसऱ्या खेपेला त्यानं लिहिलं. पण नावामागे कुठलं शेपूट यायला हवं हे त्याच्या मनात आधीच ठरलेलं होतं. ते आलं नाही, तेव्हा त्यालाही पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

यंत्राच्या अशा चुकांकडे मात्र नुसतं हसून भागत नाही. टेस्लाच्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांत आठ जीबीची एक स्मृतिचिप होती. तिच्यावर सतत लिहिलं जाई आणि अशी चिप ठरावीक वेळाच लिहून-पुसून घेऊ शकते. पाच-सहा वर्षांत ती झिजू लागली, पडदे बंद पडू लागले. त्यासोबत मागचा कॅमेरा गेला, काचेवरचं धुकं घालवण्याची सोय गेली. २०२१ मध्ये अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्यानं कंपनीला पत्र लिहिलं आणि सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. करमणुकीचा पडदा हा सुरक्षेचाही भाग आहे, याला मिळालेली ही सरकारी कबुलीच होती. आमच्या गल्लीत मला जे एका क्षणात कळलं, तेच हे.

म्हणून वाटतं, यंत्र बनवणाऱ्यांनी जुन्या रेडिओकडून एक गोष्ट शिकावी. ‘हे मला कळलं नाही’ एवढं म्हणून पुढे जाता आलं पाहिजे. एक चित्र दिसलं नाही तर न दिसो, एक गाणं वाजलं नाही तर न वाजो. त्यासाठी मागचा रस्ता दिसेनासा होऊ नये. आणि आपण वापरणाऱ्यांनीही त्या तरुणाचा प्रश्न लक्षात ठेवावा. सेट बदलण्याआधी विचारावं, केव्हा बंद पडतो? पेनड्राइव्ह आणि फोनची केबल काढून पाहावी, बॅटरीची टर्मिनलं, अर्थ आणि फ्यूज तपासावेत, कंपनीनं नवी प्रणाली दिली असेल तर ती घालून घ्यावी. त्यातून निभावलं नाही तरच खिशात हात घालावा.

आता त्या पेनड्राइव्हविषयी. त्यावर एका जुन्या कॅसेटवरून उतरवलेला माझ्या आईचा आवाज होता. आमच्याकडच्या लग्नात हळदीला म्हणायची गाणी तिनं आमच्या बोलीत म्हटली होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली. भाच्यानं ती फाइल मला भरून दिली, पण घाईत ती अर्धवट उतरली होती. सेट तिथंच येऊन अडखळत होता. तो वायरिंगवाला म्हणाला, ‘चाचा, ही एवढी उडवून टाका, बाकी सगळं वाजेल.’ बटण दाबायला माझा हात होईना. मी भाच्याला फोन लावला. मूळ फाइल त्याच्या संगणकात सुखरूप होती.

त्यानं ती पुन्हा भरून पाठवली. परवा घाट उतरताना लावली. आईच्या आवाजामागे कॅसेटची खरखर चालू होती. सेटनं दोन्ही ऐकवली.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)