उबेची पेटी : घरगुती व्हिव्हेरियमचा इतिहास

साप, सरडे किंवा पाली पाळण्यासाठी घरी ठोकलेली लाकडी पेटी, समोर दोन सरकत्या काचा आणि बाकीच्या पाचही बाजूंना फळ्या, ही मुख्यतः ब्रिटनमधल्या हौशी लोकांची निर्मिती आहे. तिकडे तिला व्हिव्हेरियम म्हणतात. सरपटणाऱ्या प्राण्यांना अंगात पुरेशी उष्णता तयार करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. इंग्लंडच्या थंड, दमट घरात ही ऊब आणायची कुठून आणि टिकवायची कशी, या प्रश्नाने पेटीचा आकार आणि तिचे साहित्य ठरवले.

पेटीचा पूर्वज मात्र वनस्पतींसाठी बनला होता. लंडनच्या पूर्व भागात राहणारे डॉक्टर नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड यांनी 1829 च्या सुमारास एका बंद बाटलीत ओल्या मातीवर पतंगाचा कोष ठेवला होता. त्या मातीतून नेचा आणि गवत उगवले. कोळशाच्या काजळीमुळे त्यांच्या बागेत नेचे जगत नव्हते, बाटलीत मात्र ते तग धरून राहिले. लाकडी चौकट आणि चहूबाजूंनी काचा असलेली ‘वॉर्डची पेटी’ यातून तयार झाली. 1833 मध्ये अशा दोन पेट्या जहाजाने सिडनीला गेल्या आणि आतली झाडे जिवंत पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची रोपे भारतात आणली तीही अशाच पेट्यांतून. 1845 मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली आणि मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात नेच्यांच्या पेट्या दिसू लागल्या. नेच्यांशेजारी बेडूक आणि सरडे ठेवून पाहण्याचा मोह लोकांना झाला नसता तरच नवल. पण वॉर्डची पेटी ओल धरून ठेवते, ऊब नाही. स्थानिक बेडकांना ती पुरे, उष्ण प्रदेशातल्या सरड्याला ती निरुपयोगी.

याच काळात लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने 1849 मध्ये जगातले पहिले सर्पगृह उघडले. बंदिस्त सापांशी कसे वागावे याचे शास्त्र तेव्हा तयार झाले नव्हते आणि शिस्तही नव्हती. एडवर्ड गर्लिंग नावाचा रखवालदार 1852 मध्ये रात्रभर दारू पिऊन कामावर आला, त्याने नाग हातात घेऊन खेळवला, नागाने चेहऱ्यावर दंश केला आणि तो दगावला. सापाच्या पेटीचे दार सहज उघडता येऊ नये, हा नियम आज नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगतात. गर्लिंगची गोष्ट त्याला जोडून सांगायला हरकत नाही. संग्रहालयाने 1883 मध्ये नवे सर्पगृह बांधले, पण घरगुती पेटीला वळण लावणारे काम तोवर पुस्तकांनी सुरू केले होते.

जर्मनीत योहान फॉन फिशर यांचे ‘डास टेरारियम’ 1884 मध्ये आले. इंग्लंडमध्ये ग्रेगरी बेटमन यांचे ‘द व्हिव्हेरियम’ 1897 मध्ये निघाले. पेटी कशी बांधावी, मांडावी आणि सांभाळावी हे शिकवण्यासाठीच ते लिहिले होते. यामागे एक गृहीत होते : वाचकाच्या घरी करवत, रंधा आणि रिकामा शनिवार आहे. दुकानात अशी पेटी तयार मिळण्याआधी कित्येक वर्षे हौशी माणूस ती स्वतः बनवत होता. त्या काळच्या ऊब देण्याच्या पद्धती, म्हणजे खाली तेलाचा दिवा किंवा गरम पाण्याची टाकी, आज पाहिल्या तर भीती वाटते. दिवा विझला की प्राणी गारठायचा, भडकला की होरपळायचा.

बेटमनचे पुस्तक निघाले त्याच वर्षी जन्मलेल्या जोन बोशॉम्प प्रॉक्टर यांनी हा प्रश्न पुढच्या पायरीवर नेला. लहानपणापासून त्या सरडे पाळत आणि शाळेत असताना त्यांच्याजवळ मगरीचे पिल्लू होते. 1923 मध्ये लंडनच्या संग्रहालयातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. वास्तुविशारद एडवर्ड गाय डॉबर यांच्याबरोबर त्यांनी आखलेले सर्पगृह 1927 मध्ये उघडले. अख्खी इमारत तापवण्याऐवजी प्रत्येक पेटीत हवी तिथेच विजेची ऊब, प्रेक्षकांचा मार्ग अंधारा आणि पेट्या उजळलेल्या, शिवाय अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच अशी ती रचना होती. मुडदूस आणि सूर्यप्रकाश यांचा संबंध डॉक्टरांना नुकताच उमगला होता. तोच विचार प्रॉक्टर यांनी सरड्यांना लावला. त्यांची प्रकृती आयुष्यभर नाजूक राहिली आणि 1931 मध्ये, वयाच्या अवघ्या 34 व्या वर्षी, त्या गेल्या. पेटीचे एक टोक गरम, दुसरे थंड आणि प्राण्याने हवी ती जागा निवडावी, ही आजच्या नवशिक्याची पहिली आखणी प्रॉक्टर यांच्याच वाटेने आलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर साहित्य बदलले. भुसा आणि लाकडाचे तुकडे दाबून केलेला चिपबोर्ड युद्धकाळात जर्मनीत कारखान्यातून निघू लागला होता. त्यावर मेलामाइनचा गुळगुळीत थर चढवलेल्या फळ्या पुढे स्वस्त कपाटांसाठी सर्वत्र विकल्या जाऊ लागल्या. पाणी न झिरपणारी सिलिकॉनची पेस्ट आली, तापमान स्वतः सांभाळणारा थर्मोस्टॅटही घरगुती किमतीत मिळू लागला. पूर्ण काचेच्या टाक्या आता चिकटवून करता येत होत्या, तरी ब्रिटिश हौशी लाकडाकडेच वळला. कारण साधे आहे. काचेतून ऊब भराभर निघून जाते, फळी ती धरून ठेवते. अमेरिकेत जाळीच्या झाकणाची काचेची टाकी बराच काळ चालली, पण तिथली घरे हिवाळ्यात चांगली तापवलेली असत.

पेटी बांधण्याची रीत त्यामुळे ठरून गेली. आधी प्राणी पूर्ण वाढल्यावर केवढा होईल हे पाहायचे आणि मगच फळी कापायची. दाढीवाल्या ऑस्ट्रेलियन सरड्यासाठी आज 4 फूट लांब, 2 फूट खोल आणि 2 फूट उंच पेटी सर्रास सांगितली जाते. देवदारासारखे उग्र तेलाचे लाकूड टाळतात, कारण त्याचा वास प्राण्याला बाधतो. कापलेल्या कडांमधून पाणी शिरले की चिपबोर्ड फुगतो, म्हणून प्रत्येक कडेवर पट्टी आणि आतल्या प्रत्येक सांध्यावर सिलिकॉन लागतो. तो बुरशीनाशक मिसळलेला नसावा, हे नवशिके हमखास विसरतात. हवेच्या एका झरोक्याची जागा थंड टोकाला खाली असते, दुसऱ्याची गरम टोकाला वर : तापलेली हवा वरून जाते, ताजी खालून येते. काचा प्लॅस्टिकच्या खाचेत सरकतात, मध्ये थोड्या एकमेकींवर येतात आणि त्यांना कुलूप लागते. दिव्याभोवती जाळी नसेल तर साप त्यालाच वेटोळे घालून भाजून घेतो. सगळे झाल्यावरही सिलिकॉन वाळेपर्यंत आणि तापमान स्थिरावेपर्यंत काही दिवस पेटी रिकामीच चालवतात. कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत गरजेचा टप्पा हाच.

प्राण्यांची निवडही पेटीने घडवली. ऑस्ट्रेलियाने स्वतःच्या वन्य प्राण्यांची व्यापारी निर्यात बंद केल्यामुळे दाढीवाला सरडा युरोपात पिंजऱ्यात पैदास होऊनच पसरला. 1990 च्या दशकात अतिनील किरण देणाऱ्या ट्यूब बाजारात आल्या आणि हाडे ठिसूळ होऊन मरणारे सरडे घरातही जगू लागले. मागोमाग सुट्या फळ्यांच्या, घरी जोडायच्या पेट्या दुकानांत आल्या. त्यांची रचना पाहिली तर ती हौशी सुताराच्या पेटीचीच नक्कल आहे, आणि जाड फळी वापरणारा घरचा कारागीर अजूनही अनेकदा सरस ठरतो.

महाराष्ट्रात साप ठेवण्याची परंपरा वेगळी. गारुड्याची टोपली किंवा सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीआधी नाग ठेवण्याची मडकी, यांत प्राणी थोड्या दिवसांसाठीच असे आणि हवा मुळात उबदार, त्यामुळे ऊब देण्याची गरजच पडली नाही. शिराळ्याच्या प्रथेवर न्यायालयीन आदेशांनंतर निर्बंध आले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मुळे भारतातला नाग, अजगर, घोरपड किंवा तारांकित कासव घरी पाळणे गुन्हा आहे, पेटी कितीही नेटकी असली तरी. ज्या परदेशी प्राण्यांचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित आहे, ते बाळगायचे तर 2022 च्या दुरुस्तीनुसार नोंदणी करावी लागते. तेव्हा इथल्या हौशी माणसाने करवत हातात घेण्याआधी ती नोंदणी करता येईल का, हे पाहावे.