फोल्डर दिसते, पण उघडत नाही

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत कुठली जमीन कोणाकडे, हे 'जनरल लँड रजिस्टर' सांगते. १९३७च्या छावणी जमीन प्रशासन नियमांनुसार ही जमीन लष्करी, मुलकी आणि छावणी मंडळाकडे सोपवलेली अशा वर्गांत विभागली जाते. ते रजिस्टर बघायला मिळणे वेगळे आणि त्यात फेरफार करता येणे वेगळे. १६ फेब्रुवारी २०२१ला 'ई-छावणी' पोर्टल सुरू झाले आणि देशातल्या ६२ छावणी मंडळांच्या नागरी सेवा ऑनलाइन येऊ लागल्या; अधिकाराचा हा प्रश्न मात्र कागद संपल्याने संपत नाही. दिसणे आणि हात लावता येणे यांतला तोच फरक संगणकावरही आडवा येतो. लिनक्सवर शेअर केलेले फोल्डर दिसते पण उघडत नाही, अशी तक्रार आली की पहिला हात केबलकडे जातो. माझ्या मते हा बिघाड बहुधा तारेत नसून ओळखीत असतो, आणि तो १९८०च्या दशकापासून चालत आलेला आहे.

सन मायक्रोसिस्टिम्सने त्या दशकाच्या मध्यावर दुसऱ्या यंत्रावरच्या फाइली नेटवर्कवरून वापरू देणारे एनएफएस आणले, तेव्हा सगळी यंत्रे एकाच व्यवस्थापकाच्या हाताखाली असतील असे गृहीत होते. म्हणून समोरचे यंत्र वापरकर्त्याचा जो क्रमांक सांगेल, तो सर्व्हर खरा मानतो. त्याच नावाच्या माणसाचा क्रमांक इकडे १००० आणि तिकडे १००१ असेल, तर स्वतःचीच फाइल त्याला 'परमिशन डिनाइड' म्हणते. 'एलएस -एन' आदेश दिला की नावांऐवजी क्रमांक दिसतात आणि घोळ उघड होतो. लिनक्स आणि विंडोज यांच्यात फाइली शेअर करू देणाऱ्या सांबाची गोष्ट निराळी. कॅनबेरात अँड्र्यू ट्रिजेलने १९९१-९२च्या सुमारास तारेवरून जाणारे संदेश न्याहाळत, अधिकृत कागदपत्रांशिवाय ते उभे केले. मायक्रोसॉफ्टकडून ती कागदपत्रे हाती आली २००७च्या डिसेंबरात, युरोपातल्या खटल्यानंतर. दोन जगांमधल्या या दुभाष्याकडे पासवर्डची यादी स्वतंत्र असते, आणि त्याने आत सोडले तरी लिनक्सची परवानगी पुन्हा तपासली जाते. त्यात २०१७च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या हल्ल्यानंतर विंडोजची फाइल शेअर करण्याची जुनी एसएमबी-१ पद्धत मोडीत निघू लागली. सांबानेही २०१९च्या ४.११ आवृत्तीत ती मुळातच बंद ठेवली, आणि कालपर्यंत फोल्डरमध्ये कागद टाकणारे जुने स्कॅनर अपडेटनंतर मुके झाले.

फायरवॉल आधी बघावी, असे कुणी म्हणेल. जरूर बघावी, एनएफएसचे २०४९ आणि सांबाचे ४४५ हे पोर्ट तपासायला मिनिटभर पुरते. सगळ्यांना सगळे खुले करणारी '७७७' परवानगी देऊन मोकळे व्हा, हा सल्ला मात्र मला घातक वाटतो: त्याने दोष झाकला जातो, फाइल ज्याला त्याला उघडी पडते, आणि एसई-लिनक्स या वेगळ्या सुरक्षा-थराची अडवणूक असेल तर तीही हटत नाही. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने ओळख पटवणाऱ्या कर्बेरॉसची सोय देऊन हा ओळखीचा घोळ मिटवला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण कर्बेरॉस मुद्दाम बसवावे लागते. नाही बसवले तर कारभार जुन्या क्रमांकांवरच चालतो. बसवले, तरी दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की साधारणतः ते ओळख मानायला नकार देते.