हातचे राखून नवे घेणे



एखादे यंत्र झिजलेले नाही, आपटलेले नाही, आणि तरीही मोजून ठरल्या तासाला ते बंद पडते, असे कोणी सांगितले तर आपला विश्वास बसणार नाही. परंतु असे घडले आहे. क्रुशियल कंपनीचा एम-४ नावाचा सॉलिड-स्टेट ड्राइव्ह, म्हणजे फिरती तबकडी नसलेली संगणकाची साठवण, एकूण ५,१८४ तास चालला की एकाएकी मुका होई. संगणक पुन्हा सुरू केला की तो तासभर बोले आणि पुन्हा गप्प बसे. आतला माल शाबूत होता. चूक होती ती आपण किती तास चाललो हे मोजणाऱ्या आज्ञावलीत. २०१२ च्या जानेवारीत कंपनीने सुधारलेली आज्ञावली दिली आणि मुके ड्राइव्ह बोलू लागले.

यंत्राच्या पोटात बसलेल्या या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. ॲशर ऑप्लर यांनी १९६७ साली हा शब्द वापरात आणला. यंत्राचा सांगाडा कठीण, वर चालणारे कार्यक्रम मऊ आणि या दोहोंच्या मध्ये ही घट्ट आज्ञावली, असा त्याचा अर्थ. घट्ट म्हणण्याला कारणही होते. आरंभी अशा आज्ञा चिपमध्ये कायमच्या कोरल्या जात. १९७१ साली इंटेलमधील डोव्ह फ्रोमन यांनी पुसता येणारी चिप पुढे आणली. पण ती पुसायची तर यंत्रातून काढून तिच्या काचेच्या खिडकीवर अतिनील प्रकाश धरावा लागे. पुढे तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृती जगापुढे मांडली. विजेच्या साहाय्याने एका दमात पुसायचे आणि जागच्या जागी पुन्हा लिहायचे! दुरुस्तीसाठी यंत्र उघडण्याचे कारण उरले नाही.

पण जी गोष्ट सहज सुधारता येते, ती सहज बिघडवताही येते. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या विषाणूने असंख्य संगणकांची सुरुवातीची आज्ञावलीच खोडून टाकली. जुन्या कोरीव चिपवर हा घाव घालता आला नसता. सोयीबरोबर धोकाही घरात आला, तो असा.

सॉलिड-स्टेट ड्राइव्हमध्ये हा धोका अधिक का, हे समजण्यासाठी एक मोठी वखार डोळ्यांपुढे आणा. फ्लॅश स्मृतीत लिहिणे लहान पानांवर होते, पुसणे मात्र मोठ्या गठ्ठ्यानेच करावे लागते. आणि प्रत्येक गठ्ठा ठराविक वेळाच पुसणे सोसतो. म्हणून एकच जागा झिजू नये यासाठी माल सारखा हलवत राहावे लागते. कोणते पोते कोठे ठेवले, हे वखारीच्या कोठाऱ्यालाच ठाऊक. फर्मवेअर हा तो कोठारी. तो भ्रमिष्ट झाला की माल जागेवर असूनही मालकाच्या उपयोगाचा राहत नाही. तेव्हा फर्मवेअर बदलणे म्हणजे भरल्या वखारीत कोठारी बदलणे होय.

आता दोन घटना शेजारी ठेवून पाहू. २००९ च्या ऑक्टोबरात इंटेलने आपल्या एक्स-२५-एम या ड्राइव्हसाठी नवे फर्मवेअर दिले. ते चढवल्यावर काही ग्राहकांचे ड्राइव्हच निकामी झाले. कंपनीने ते तातडीने मागे घेतले आणि पुढच्या महिन्यात सुधारून दिले. येथे ज्यांनी घाई केली ते फसले. उलट, २०१९ च्या नोव्हेंबरात एचपीई कंपनीने जाहीर केले की, तिच्या मोठ्या संगणकांतील काही ड्राइव्ह ३२,७६८ तास भरताच कायमचे बंद पडतील आणि त्यांतला मजकूरही परत मिळणार नाही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. उपाय एकच, तास भरण्यापूर्वी नवे फर्मवेअर चढवणे. येथे जो स्वस्थ बसेल तो फसणार होता.

या दुसऱ्या घटनेत आणखी एक बोध आहे. एकाचा आधार दुसऱ्याला, म्हणून असे अनेक ड्राइव्ह जोडीने बसवतात. पण ते एकाच दिवशी सुरू झाले असतील, तर त्यांचे तासही एकदमच भरणार! एकाच वाशाला बांधलेल्या दोन दोरांना दोन आधार म्हणता येत नाही.

मग घाई करावी की स्वस्थ बसावे? इतिहासाचे उत्तर असे की, जुने हातचे न सोडता नवे घ्यावे. तंत्रज्ञांनीही हाच मार्ग धरला. २०११ साली ठरलेल्या एनव्हीएमई या संकेतात फर्मवेअरच्या सातपर्यंत प्रती वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवण्याची सोय आहे. नवी प्रत आधी शेजारच्या कप्प्यात उतरवायची आणि मग तिच्याकडे कारभार सोपवायचा. मात्र किती कप्पे द्यायचे, हे प्रत्येक उत्पादक आपापले ठरवतो. म्हणून आपण त्यावर विसंबू नये.

आपल्या लॅपटॉपपुरते हेच तत्त्व पाळायचे तर क्रम असा. प्रथम सर्व मजकुराची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर घ्यावी आणि तीतल्या चार फाइली उघडून पाहाव्यात; न उघडलेली प्रत ही नुसती आशा असते. मजकूर कुलूपबंद केलेला असेल, तर त्याची पुनःप्राप्तीची किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. मग ड्राइव्हचे नेमके मॉडेल आणि सध्याची आवृत्ती लिहून घ्यावी. नवे फर्मवेअर ड्राइव्हच्या किंवा लॅपटॉपच्या उत्पादकाकडूनच घ्यावे आणि ते कोणता दोष दूर करते हे आधी वाचावे. दोष गंभीर असेल तर विलंब नको. किरकोळ असेल तर थोडे थांबून इतरांचा अनुभव पाहावा. बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि चार्जरही जोडलेला असावा. वीज जाणे आपल्याला का नवे आहे! उघडे कार्यक्रम बंद करावेत, लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी व्यवस्था करावी, आणि काम चालू असता पडदा स्तब्ध दिसला तरी बटण दाबू नये. शेवटी सूचनेप्रमाणे संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा व आवृत्ती बदलल्याची खात्री करावी. जुनी प्रत लगेच पुसू नये.

या साऱ्याला तास-दोन तास लागतील. ते तास ज्याला जड वाटतील, त्याने एवढेच आठवावे की घरातल्या लग्नकार्यांची छायाचित्रे, गेलेल्या माणसांचे आवाज आणि मुलांचे अभ्यासाचे लेखन आज आपण याच वखारीत ठेवले आहे. नवा ड्राइव्ह बाजारात मिळतो. त्यातला हा माल मिळत नाही.